सायकलसाठी कुठलं ॲप? आनंदनगर ते शिवाजीनगर, रोजच्या जाण्यायेण्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर पुण्यात सिंहगड रस्त्यावर आनंदनगरला, ऑफिस शिवाजीनगरला, नुकतीच गिअरची सायकल घेतली आहे. गूगल मॅप्सवर दुचाकी लावून निघालात तर त्याने दांडेकर पूल, टिळक रस्ता असं भर रहदारीतून नेलं. जाताना कसंबसं जमलं, येताना घाम फुटला. तर सायकलसाठी चांगलं ॲप कुठलं? फुकट असेल तर उत्तम, नाहीतर पैसे भरायचीही तयारी आहे. शिवाय भाजी, बँक, मुलीचा क्लास अशा बारीकसारीक फेऱ्याही सायकलने करायच्या आहेत.

एक नाव सांगून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. पण शहरात रोज सायकल चालवणाऱ्याला रस्त्यापेक्षा चौक जास्त नडतो. सरळ रस्त्यावर डाव्या कडेने आपण कसेही जातो. मागून बस हॉर्न मारते, मारू द्यावा. उजवीकडे वळायचं म्हटलं की मात्र गाड्यांच्या दोन-तीन रांगा कापत मध्यावर जावं लागतं, आणि नव्या माणसाचं धाबं दणाणतं ते तिथे. ॲप हिशोब करतं तो रस्त्यांचा: लांबी किती, रस्ता कोणत्या प्रकारचा, चढ किती, माहिती असेल तर डांबर की माती. संध्याकाळी साडेसहाला गजबजलेल्या चौकात उजवं वळण घ्यायला काय पडतं, हे त्या हिशोबात जवळजवळ धरलेलंच नसतं. म्हणून मी ॲपकडून कच्चा आराखडा घेते आणि चौक एकेक करून स्वतः तपासते. नव्याने सायकल सुरू करणाऱ्या ओळखीच्यांना रस्ता काढून देतानाही हीच पद्धत वापरते. तुमच्याच रस्त्यावर दाखवते, म्हणजे पुढे तुमचं तुम्हाला करता येईल.

आधी गूगलबद्दल. त्यातला दुचाकीचा पर्याय भारतात २०१७ साली आला, तो स्कूटर-मोटरसायकलसाठी. इंजिनाच्या वाहनाला मोठा रस्ता, उड्डाणपूल, कमी सिग्नल हे सगळं सोयीचं, त्यामुळे तो तेच सुचवतो. सिंहगड रस्त्यावर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने उड्डाणपूल सुरू झाले आहेत. स्कूटरवाल्याचा त्यात वेळ वाचतो. सायकलवाल्याला मात्र फुकटचा चढ, एका बाजूला कठडा, आणि दम लागला तर थांबायला हातभर जागा नाही. तुम्ही खालचाच रस्ता धरा. वेळही त्या पर्यायाचा धरू नका. शहरात सिग्नल-बिग्नल धरून नवीन माणूस ताशी १२ ते १५ किलोमीटर जातो. आठ किलोमीटरला ३५-४० मिनिटं हिशोबात ठेवा, आणि पहिला महिनाभर वर दहा मिनिटं.

गूगलमधला 'चालत' हा पर्याय लावून बघितला तर गल्लीबोळ चांगले सापडतात. पण त्यात पायऱ्या आणि पादचारी पूल निघतात, आणि एकेरी रस्त्याची दिशा तो बघत नाही. पेठांमध्ये हे फार आडवं येतं. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता सगळे एकेरी. उलट्या बाजूने जायचंच असेल तर उतरून सायकल हातात धरून कडेने चालत जावं, पन्नास-शंभर मीटरला काही बिघडत नाही. एवढं सोडलं तर गूगल मी दोन गोष्टींसाठी रोज वापरते: पत्ता शोधायला, आणि निघण्याआधी कुठे लाल-तांबडं झालंय ते बघायला.

रस्ता काढायचा तो ओपनस्ट्रीटमॅपवर. हा २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला, जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेला नकाशा आहे. त्यात रस्त्याची रुंदी, पृष्ठभाग, एकेरी-दुहेरी, दिवे आहेत की नाहीत, फाटक आहे का, पायऱ्या आहेत का, असं बरंच काही नोंदवायची सोय असते. सायकलची बहुतेक ॲप्स आतून हाच नकाशा वापरतात, त्यामुळे नकाशात जे नाही ते कुठल्याही ॲपला ठाऊक नाही. ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड, कोमूट: वरची रंगरंगोटी वेगळी, आतली माहिती तीच. 'कुठलं ॲप' या प्रश्नाचं वजन इथेच निम्मं कमी होतं.

घरी बसून आखणी करायला मी बीराउटर वापरते. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, खातं काढावं लागत नाही, दिसायला रुक्ष आहे. शक्यतो लॅपटॉपवर उघडा, मोबाइलवर बोटं फार लागतात. घर आणि ऑफिस असे दोन बिंदू टाका आणि प्रोफाइलमध्ये 'ट्रेकिंग' निवडा. नावावर जाऊ नका, मोठे रस्ते आणि चढ टाळणारं साधं सायकल-प्रोफाइल आहे ते. 'फास्ट बाइक' बारीक टायरवाल्यांसाठी. मग पर्यायी मार्ग एकामागून एक बघा, तीन-चार निघतात. आणि आता यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट: नकाशावर 'इथून जायचं नाही' असं वर्तुळ काढता येतं. ज्या चौकाचा तुम्हाला धसका आहे त्यावर वर्तुळ टाका, मार्ग आपोआप नव्याने आखला जातो. मी आधी सरळ मार्ग काढते, मग त्यातला सगळ्यात वाईट चौक वर्तुळात टाकते आणि किती लांब पडतंय ते बघते. पाऊण-एक किलोमीटर जास्त असेल तर मला तो सौदा मान्य असतो. तीन किलोमीटर जास्त असेल तर चौकच पायी ओलांडायचा. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा. सकाळी सात वाजता निघणाऱ्याला मी हे काहीच सांगणार नाही, त्या वेळी टिळक रस्तासुद्धा मोकळा असतो.

आता तुमचा रस्ता. आनंदनगरहून सिंहगड रस्त्याने शहराकडे निघालात की मुठा नदी तुमच्या डाव्या हाताला. राजाराम पुलाकडे वळायचं तर ते डावं वळण, म्हणजे कडेकडेने सुखात. पूल ओलांडला की उजवीकडे डीपी रस्ता. इथलं उजवं वळण तुमच्या जाण्यातलं पहिलं खरं काम, पण सिंहगड रस्त्यावरच्या वळणांपुढे ते सोपं. डीपी रस्त्याने म्हात्रे पुलापाशी यायचं, नळस्टॉपला कर्वे रस्ता सिग्नलला सरळ ओलांडायचा, आणि पुढे प्रभात रस्ता-भांडारकर रस्त्याच्या आतल्या गल्ल्या. त्या गल्ल्यांना सावली आहे, वेग कमी आहे, आणि सकाळी तिथे सायकलवाल्याला कोणी हॉर्न मारत नाही. दांडेकर पूल-टिळक रस्त्यापेक्षा हे अंतर थोडं जास्त पडतं. पण चौक मोजा, कुठल्या चौकात कुठे वळायचंय ते लिहा, मग दोन्ही रस्त्यांची तुलना करा.

आणि ही तुलना जाण्याची वेगळी, येण्याची वेगळी. नवे लोक नेमकं हेच करत नाहीत. ॲपमध्ये एकदा मार्ग काढतात आणि संध्याकाळी त्याच वाटेने उलटे येतात. येताना तुमचा डीपी रस्त्यावरून पुलावर येणारा वळसा डावा होतो, छान. पण पूल उतरून सिंहगड रस्त्याला लागताना जे सकाळी डावं होतं ते आता उजवं, तेही संध्याकाळच्या गर्दीत, थकलेल्या पायांनी. घाम फुटला म्हणता तो असल्याच एखाद्या वळणावर. तिथे शूरपणा नको. पूल संपतो तिथे डावीकडे उतरा, सायकल हातात घ्या, झेब्रावरून पायी पलीकडे जा, मग बसा. मिनिटभर जातं. जिथे चौकाला चारही बाजू आहेत तिथे दुसरी युक्ती: हिरव्या दिव्यावर सरळ पुढे जायचं, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात थांबून सायकलचं तोंड फिरवायचं, आणि पुढच्या हिरव्यावर तिकडच्या गाड्यांबरोबर सरळ निघायचं. एका अवघड उजव्या वळणाची दोन सोपी सरळ ओलांडणी होतात. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी असल्याने शिवाजीनगरच्या टोकालाही जाण्या-येण्याच्या वाटा वेगळ्याच निघतील. बीराउटरमध्ये दोन्ही दिशांच्या दोन वेगळ्या फाइली करा.

चौक तपासायचा कसा? गूगलचा स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ मध्ये परत सुरू झाला आणि पहिल्या दहा शहरांत पुणे होतं. चौकात उभं राहिल्यासारखं बघता येतं: डावीकडे मोकळं वळण आहे का, दुभाजक कुठे फोडलाय, रिक्षा स्टँड कुठे आहे, झेब्रा उरलाय का. कोपऱ्यातली चित्राची तारीख मात्र आधी बघा. पुण्यात चौकाचा चेहरा वर्षात बदलतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. त्याआधीचं चित्र बघून तिथे गेलेला माणूस हरवणारच. मेट्रोच्या खांबांखालच्या रस्त्यांचंही तेच.

पावसाळ्याचं स्वतंत्र सांगते, कारण तुमचा रस्ता नदीच्या काठाने आहे. ॲप तुम्हाला डेक्कनजवळचा नदीपात्रातला रस्ता आणि भिडे पूल सुचवू शकतं. कोरड्या दिवसांत सुचवलं तर बरोबरच आहे, सपाट आहे, सिग्नल नाहीत. पण खडकवासला धरणातून पाणी सोडलं की हा रस्ता बंद होतो आणि भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि यातलं काहीही ॲपला कळत नाही. जलसंपदा विभाग विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी) ते जाहीर करतो, वर्तमानपत्रांत आणि सोसायटीच्या ग्रुपवर ते लगेच येतं. तुम्ही सिंहगड रस्त्याचे, २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा हे आकडे वाचायची सवय तुम्हाला लागलीच असेल. जून ते सप्टेंबर बीराउटरमध्ये नदीपात्रावर वर्तुळ टाकूनच मार्ग काढा. पावसाचं म्हणाल तर हवामान खात्याचा जिल्हावार तीन तासांचा इशारा निघायच्या आधी बघावा. आठवड्याचा अंदाज सायकलवाल्याच्या काही कामाचा नाही.

चढ. तुमच्या रस्त्यावर नाव घेण्यासारखा चढ नाही, पण कल आहे. मुठा खडकवासल्याकडून संगमाकडे वाहते आणि तुम्ही सकाळी तिच्याबरोबर जाता, संध्याकाळी तिच्या उलट. त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, म्हणजे घरी जाताना बराचसा तोंडावर. एकच अंतर जाताना हलकं आणि येताना जड वाटेल, ते वय झाल्यामुळे नव्हे. ॲपमधला चढाचा आलेख मात्र शहरात डोळे झाकून मानू नये. उंचीची ही माहिती बरेचदा २००० साली अवकाशयानातून केलेल्या रडार मोजणीवर आधारलेली असते. तिला इमारती आणि झाडं जमिनीसारखीच दिसतात, नंतर बांधलेले उड्डाणपूल तर तिच्यात नाहीतच. त्यामुळे सपाट पेठेत टेंगळं दिसतात आणि खरा पुलाचा चढ गायब असतो. मोठ्या टेकड्यांना ती ठीक आहे. तुमच्या एखाद्या मित्राने कोथरूड ते पाषाण मार्ग काढला तर आलेख बघायला सांगा, नाहीतर ॲप त्याला वेताळ टेकडीच्या पायवाटेवर चढवायचं.

स्ट्राव्हा या सायकलफेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या ॲपचा हीटमॅप बघा असं तुम्हाला बरेच जण सांगतील. जिथून सायकली जास्त जातात तिथे रेघ ठळक दिसते. गोष्ट चांगली आहे, पण ती रेघ कोणाची हे लक्षात ठेवा. सिंहगड पायथ्याकडे जाणारी जाड रेघ पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांची आहे. पावणेसहाला रस्ता रिकामा असतो, त्यांना चौकाशी देणंघेणं नसतं. रोज सायकलने कामावर जाणारा सुरक्षारक्षक, पेपरवाला, वर्कशॉपमधला कामगार स्ट्राव्हा लावत नाही, म्हणून तो नकाशावर उमटत नाही. तुमच्या सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या गेटवर जो सायकलने येतो त्याला विचारा. कुठल्या दोन इमारतींच्या मधल्या फटीतून सायकल निघते, कुठलं फाटक रात्री नऊला बंद होतं, कुठल्या बोळात कुत्री मागे लागतात, हे त्याला माहीत असतं. अशा माणसाशी पाच मिनिटं बोलून मला जे कळतं ते कुठल्याच स्क्रीनवर नसतं. हाच माणूस सायकल कुठे लावावी हेही सांगतो, आणि लावलेल्या सायकलवर लक्षही ठेवतो. तुम्ही स्वतः स्ट्राव्हा लावणार असाल तर सुरुवात आणि शेवट लपवायची सेटिंग आधी चालू करा, नाहीतर घराचा दरवाजा जगाला दाखवल्यासारखं होतं.

मार्ग ठरला की बीराउटरमधून त्याची जीपीएक्स फाइल (मार्ग साठवलेली फाइल) उतरवून फोनमध्ये घ्या. ओस्मअँड त्या फाइलवरून बोलून दिशा सांगतं. ऑर्गॅनिक मॅप्स सोपं आहे, इंटरनेटशिवाय झटकन चालतं, पण तुमची फाइल नुसती रेघ म्हणून दाखवतं. मी पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनाच आवाज लावते, तोही फोन खिशात ठेवून स्पीकरवर, कानात काही न घालता. ॲपमधली बाई 'एरंडवणे' असं काही म्हणते की हसू येतं, पण काम होतं. हँडलवर फोन लावून बघत बघत जाणं नको. खड्डा चुकतो तेव्हा बस चुकत नाही आणि उलटही. त्यापेक्षा वळणांची यादी चिठ्ठीवर लिहून घ्या, पाच-सहा ओळींच्या वर जात नाही.

पहिली फेरी रविवारी सकाळी करा, रस्ता ओळखीचा होण्यापुरती. त्यावरून मत बनवू नका. दुसरी कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला, आणि येतानाची संध्याकाळच्याच वेळेला. लग्नसराईत डीपी रस्त्यावरची लॉन्स संध्याकाळी भरतात आणि वराती, गाड्या, व्हॅले पार्किंगवाले सगळे कडेला येतात, म्हणजे नेमकी तुमची जागा जाते. गणपतीच्या आधी मांडवांनी पेठांतले रस्ते अरुंद होतात, पालख्या मुक्कामाला येतात तेव्हा वाहतूक वळवतात. अशा दिवसांसाठी दुसरी फाइल तयार असू द्या. वाहतूक पोलीस बदल आधी जाहीर करतात, आणि बातमीतल्या रस्त्यांवर वर्तुळं टाकली की दोन मिनिटांत नवा मार्ग निघतो.

भाजी, बँक, क्लास यांच्यासाठी मात्र एवढं काही करू नका. दोन किलोमीटरच्या आतल्या फेरीला आखणीपेक्षा ओळख लागते. एका रविवारी नकाशा उघडून घराभोवतीच्या आतल्या गल्ल्या कुठून कुठे निघतात तेवढं फिरून बघा. सिंहगड रस्त्याला न लागता किती जाता येतं हे पाहिलंत तर नवल वाटेल. कालव्याच्या कडेची वाट नकाशात सलग दिसली तरी आधी दिवसाउजेडी जाऊन बघा: चिखल, फाटक, आणि दिवे. मुलगी बरोबर असेल तर मोठा चौक सायकलवर बसून ओलांडायचाच नाही, हा माझा नियम आहे.

हे फिरताना नकाशात चूक दिसली तर दुरुस्त करा. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते तुम्ही उभे आहात तिथलेच साधे प्रश्न विचारतं: इथे डांबर आहे का, दिवे आहेत का, पायऱ्यांना कठडा आहे का. उत्तर दिलं की ते ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जातं आणि काही दिवसांनी सगळ्या ॲप्समध्ये उतरतं. फोनवर उतरवलेले नकाशे मात्र अधूनमधून नवे करावे लागतात. सोसायटीच्या आतला खाजगी रस्ता सार्वजनिक म्हणून नोंदवू नका. पुढच्या आठवड्यात तिथे डिलिव्हरीवाल्यांची रांग लागते आणि मग फाटकाला कुलूप बसतं.

पैसे भरायचे का? तुमच्या कामासाठी नको. पैसे देऊन मिळणाऱ्या बहुतेक सोयी, म्हणजे हृदयाचे ठोके, मागच्या वर्षीशी तुलना, लांब सहलींची आखणी, रोज एकाच रस्त्याने आठ किलोमीटर जाणाऱ्याला लागत नाहीत. ते पैसे मागच्या चांगल्या दिव्यावर आणि मडगार्डवर घाला. गिअरच्या नव्या सायकलला मडगार्ड बहुधा आलेलं नसतं आणि जूनमध्ये पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात जावं लागतं. आणि तुमचं ऑफिस कोर्टाच्या बाजूला आहे की कृषी महाविद्यालयाच्या, ते कळवा. शेवटच्या एक-दीड किलोमीटरचं उत्तर त्यावर बदलतं.